इंग्लंडमधील गावचा पब आणि समुद्रकाठचे जेवण : पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी

मी २०१३ मध्ये नोकरीनिमित्त उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातल्या लीड्सला आलो. शहरातल्या रेस्टॉरंटांमध्ये फारशी अडचण येत नसे, कारण तिथे दारातच कोणीतरी जागा दाखवते, मेनू हातात देते आणि पुढचे सगळे आपोआप घडते. अडचणी सुरू झाल्या त्या शनिवार-रविवारी यॉर्कशायर डेल्सच्या डोंगरांत किंवा व्हिटबी-स्कारबरोकडच्या किनाऱ्यावर फिरायला जाऊ लागलो तेव्हा. गावच्या पबमध्ये अर्धा तास टेबलाशी बसून राहिलो तरी कोणी विचारायला येत नाही, दुपारी तीन वाजता पोहोचलो तर स्वयंपाकघर बंद झालेले असते आणि मेनूतल्या निम्म्या नावांचा अर्थ लागत नाही, असे सगळे अनुभव पहिल्या दोन वर्षांत घेऊन झाले.

त्यातला एक अनुभव मात्र अजून मनाला लागून आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात आई पंढरपूरजवळच्या आमच्या गावाहून आली होती. ती माळकरी आहे. किनाऱ्यावर फिरताना तिला भूक लागली, म्हणून एका दुकानातून तिच्यासाठी नुसत्या चिप्स घेतल्या, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी. बटाटाच आहे, त्यात काय असणार, असे मी धरून चाललो. बाकावर बसून तिने चार-पाच फोडी खाल्ल्या असतील, तेव्हा दुकानाच्या काचेवरची पाटी मला दिसली. ‘आम्ही पारंपरिक पद्धतीने बीफ ड्रिपिंगमध्ये तळतो,’ असे तीवर लिहिले होते. बीफ ड्रिपिंग म्हणजे गोमांसाची वितळवलेली चरबी. माझ्याकडे पाहून आईने विचारले, “काय रे, काय झालं?” आणि मला सांगावे लागले. तिने लाकडी काटा खोक्यात ठेवला, झाकण लावले आणि पाण्याची बाटली मागून घेऊन चूळ भरली. दुकानाने काहीही लपवलेले नव्हते. पाटी समोरच होती, आणि मी विचारले असते तर त्यांनी सरळ सांगितले असते.

हा लेख मी त्या दिवसामुळे लिहीत आहे. पुढे दिलेला क्रम घरून निघण्यापासून बिल देईपर्यंतचा आहे, पण वेळ कमी असेल तर निदान पाचवी पायरी तरी नीट वाचावी.

१. दिवस आणि वेळ ठरवणे

पब उघडा असणे आणि पबचे स्वयंपाकघर चालू असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गावाकडचा पब दुपारी बारापासून रात्री अकरापर्यंत उघडा असला, तरी तिथे जेवण साधारण बारा ते दोन-अडीच आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ-नऊ एवढ्याच वेळात मिळते. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी दुपारचे जेवण तीनपर्यंत लांबले तरी चालते. इथे अडीचला पोहोचलात तर बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट आणि खारे शेंगदाणे यांवर भागवावे लागते. अनेक पबांमध्ये सोमवारी, आणि काही ठिकाणी मंगळवारीही, चूल पेटतच नाही. रविवारी दुपारी ‘संडे रोस्ट’, म्हणजे भाजलेले मांस, बटाटे आणि भाज्या यांचे ताट, असतो, त्यासाठी आठवडाभर आधी जागा राखून ठेवलेली बरी, आणि तो संपला की बहुतेक ठिकाणी रविवारी संध्याकाळी जेवण मिळत नाही.

समुद्रकाठच्या जागा ऋतूप्रमाणे चालतात. हिवाळ्यात कित्येक जागा फक्त शुक्रवार ते रविवार उघडतात आणि काही थेट ईस्टरपर्यंत बंद राहतात. उलट जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत शाळांना सुट्टी असते, तेव्हा व्हिटबीसारख्या गावात नावाजलेल्या दुकानांबाहेर मोठी रांग लागते.

वेबसाइटवरच्या वेळा जुन्या असू शकतात, म्हणून फोन करणे उत्तम. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत ऑर्डर घेते, लहान मुलांना कुठे आणि किती वाजेपर्यंत बसू देतात, आणि टेबल किती वेळासाठी मिळेल. गर्दीच्या दिवशी दोन तासांनी टेबल मोकळे करून द्यावे लागते. सहा-आठ जणांहून मोठा गट असेल तर बऱ्याच ठिकाणी आगाऊ रक्कम किंवा कार्डाचा क्रमांक मागतात आणि न कळवता गेला नाहीत तर पैसे कापून घेतात. आपल्याकडची ‘आणखी चौघे येताहेत, जरा सरकून बसू’ ही पद्धत इथे चालत नाही, त्यामुळे नेमकी संख्या आधी सांगावी.

२. जाण्याची आणि विशेषतः परतण्याची सोय

गावाकडे शेवटची बस संध्याकाळी सहाच्या आसपासच निघून गेलेली असते, आणि डेल्समधल्या काही गावांना रविवारी बसच नसते. फोनवरून टॅक्सी मागवण्याची शहरी सवय इथे उपयोगी पडत नाही. जवळच्या गावातली टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी लागते, आणि मोबाईलला रेंज असेलच असे नाही.

स्वतःची गाडी असेल तर कोण पिणार नाही हे घरीच ठरवावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. स्कॉटलंडने ती २०१४ मध्ये ५० वर आणली. या आकड्याचे रूपांतर ‘किती ग्लास चालतील’ यात करता येत नाही, कारण ते शरीरावर आणि पोटात काय आहे यावर अवलंबून असते. गाडी चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये, एवढाच नियम मी पाळतो. हातात स्टुडंट किंवा वर्क व्हिसा असताना असा गुन्हा नावावर लागणे किती महागात पडेल, याचाही विचार करावा.

हवामान आणि भरती-ओहोटी या दोन गोष्टी नवख्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. उत्तर यॉर्कशायरमधला टॅन हिल इन हा ५२८ मीटर उंचीवरचा, ब्रिटनमधला सर्वांत उंच पब आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळात बर्फ पडून तिथे साठेक माणसे तीन रात्री अडकून पडली होती. दुसरे उदाहरण नॉर्थम्बरलंडमधल्या लिंडिसफार्न बेटाचे आहे. तिथे पब आहेत, खेकड्याचे सँडविच मिळते, पण बेटावर नेणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचे तक्ते प्रसिद्ध होतात आणि रस्त्याच्या तोंडाशीही लावलेले असतात, तरी दर वर्षी कोणाची तरी गाडी पाण्यात अडकतेच. जेवणाची वेळ त्या तक्त्यावरून ठरवावी.

३. बरोबर काय असावे

• वयाचा पुरावा. अठरा वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकणे गुन्हा आहे, आणि तुम्ही पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागण्याची पद्धत सर्वत्र आहे. ब्रिटनने जुनी बायोमेट्रिक निवास कार्डे २०२४ च्या अखेरीस बंद करून ऑनलाइन व्हिसा आणला, त्यामुळे नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात पासपोर्टशिवाय काहीच नसते. दर वेळी पासपोर्ट घेऊन हिंडण्यापेक्षा इथले शिकाऊ ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ‘पास’ हा होलोग्राम असलेले वयाचे कार्ड काढून घ्यावे. कॉलेजचे ओळखपत्र चालत नाही.

• कार्ड आणि थोडी रोकड, दोन्ही. काही जागा फक्त कार्ड घेतात, तर एखाद्या खेड्यात मशीन बंद असते. समुद्रकाठच्या पार्किंगच्या यंत्राला कधी नाणी लागतात, कधी ॲप.

• पत्ता आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला. खेड्यात एक पोस्टकोड मैलभर पसरलेला असतो, त्यामुळे गाडीचा नकाशा तुम्हाला एखाद्या शेताच्या फाटकाशी नेऊन सोडू शकतो. पबचे नाव आणि गावाचे नाव दोन्ही टाकून शोधावे, कारण रेड लायन आणि रॉयल ओक या नावांचे पब देशभर शेकड्यांनी आहेत. राजा दुसरा चार्ल्स १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत हरल्यावर ओकच्या झाडात लपला होता, त्यावरून हे दुसरे नाव पडले.

• घरातल्या कोणाला काय चालत नाही याची, इंग्रजीत लिहिलेली छोटी चिठ्ठी. तिचा उपयोग पाचव्या पायरीत येईल.

• उन्हाळ्यातसुद्धा वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट.

४. पबमध्ये शिरल्यावर

आत जाताच सरळ बारपाशी जावे आणि जेवायला आलो आहोत असे सांगावे. बारमागची बाई तुम्हाला ‘लव्ह’ म्हणून हाक मारेल. यॉर्कशायरमध्ये ते आपल्या ‘बाळा’सारखे आहे आणि सर्वांनाच म्हणतात, त्यात वेगळा अर्थ शोधू नये. पहिला प्रश्न असा विचारावा की ऑर्डर बारवर द्यायची की टेबलावर कोणी येईल. जेवणाला महत्त्व देणाऱ्या नव्या धर्तीच्या पबांत वेटर येतात, जुन्या पबांत येत नाहीत, आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही.

बारवर ऑर्डर द्यायची असेल तर आधी टेबल निवडावे आणि त्याच्या कोपऱ्यावर कोरलेला किंवा चिकटवलेला क्रमांक लक्षात ठेवावा. मग एका माणसाने सगळ्यांची ऑर्डर ठरवून बारशी जावे. चौघांनी एकामागून एक जाऊन वेगवेगळे मागवले तर जेवणही वेगवेगळ्या वेळी येते. बारवर बऱ्याचदा रांग दिसत नाही, लोक नुसते पसरून उभे असतात, पण कोणाच्या आधी कोण आले हे प्रत्येकाला माहीत असते. तुमच्या नंतर आलेल्या माणसाकडे बारवाला चुकून वळला, तर तो माणूस स्वतःच तुमच्याकडे बोट दाखवेल. तुम्हीही तसेच करावे. हाक मारणे, टिचकी वाजवणे, नोट हलवणे हे फार वाईट दिसते. बारवाल्याकडे बघत शांत उभे राहिले की त्याची नजर वळते.

पैसे बहुधा तिथेच द्यायचे असतात, किंवा कार्ड ठेवून घेऊन शेवटी एकत्र हिशोब करतात. काटे-चमचे, नॅपकिन आणि सॉस अनेकदा भिंतीकडेच्या कपाटावर ठेवलेले असतात, ते आपण उचलून आणायचे. कुत्रे टेबलाखाली झोपलेले असणे अगदी नेहमीचे आहे. मुलांना भीती वाटत असेल तर बागेत बसण्याची सोय विचारावी.

‘फ्री हाउस’ या पाटीने गोंधळू नये. त्याचा अर्थ एवढाच की हा पब कोणा एका बिअर कंपनीच्या बांधिलकीत नाही आणि मालक हव्या त्या कंपनीची बिअर ठेवू शकतो.

५. ताटात काय आहे ते कसे विचारावे

ब्रिटनमध्ये कायद्याने चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी ठरवलेली आहे, आणि आपल्या पदार्थांत त्यांपैकी काय आहे हे प्रत्येक खाद्यगृहाने ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. त्या यादीत ग्लूटेन असलेली धान्ये, अंडी, दूध, मासे, खेकडे-कोळंबीसारखे कवचाचे जीव, शिंपल्यांच्या जातीचे जीव, शेंगदाणे, बदाम-काजूसारखे नट्स, सोयाबीन, तीळ, मोहरी, सेलेरी, ल्युपिन हे कडधान्य आणि सल्फाइट हे अन्न टिकवणारे रसायन येतात. बारवर ‘ॲलर्जन शीट’ मागितली की कागद किंवा टॅब्लेट समोर ठेवतात. प्रत्येक पदार्थापुढे चौदा रकाने असतात.

आता यातली मेख समजून घ्यावी. ही यादी माणूस आजारी पडू नये म्हणून केलेली आहे, कोणाचा धर्म किंवा व्रत सांभाळण्यासाठी नव्हे. त्यामुळे गोमांसाची चरबी, डुकराची चरबी, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचे जिलेटिन, चीज करताना दूध घट्ट करायला वापरतात ते वासराच्या जठरातले रेनेट यांपैकी काहीच या यादीत नाही. तो कागद पाहून निर्धास्त झालेला माणूस फसतो. या गोष्टी नाव घेऊन विचारल्या तरच कळतात. ‘इज इट व्हेजिटेरियन?’ एवढा प्रश्न पुरत नाही, कारण काउंटरवरचा मुलगा बटाट्याकडे पाहून प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. ‘व्हॉट डू यू फ्राय इट इन?’ असे विचारले की तो आत जाऊन विचारून येतो आणि खरे उत्तर आणतो. असे विचारण्याचा इथे कोणालाही राग येत नाही, उलट विचारले याचे बरे वाटते. भिडेखातर गप्प राहू नये.

विचारायच्या जागा कोणत्या, ते अनुभवाने सांगतो.

तळण सर्वांत आधी. यॉर्कशायरमधल्या आणि उत्तरेकडच्या बऱ्याच फिश अँड चिप्सच्या दुकानांत आजही बीफ ड्रिपिंगच वापरतात. दक्षिणेत वनस्पती तेल जास्त दिसते. तेल असले तरी त्याच कढईत मासे तळलेले असतात. वेगळी कढई आहे का, हे विचारावे. दुकानात फुकट मिळणारे ‘स्क्रॅप्स’, म्हणजे पिठाची कुरकुरीत चुरी, ही त्याच तळणातली असते.

संडे रोस्टच्या ताटातले भाजलेले बटाटे गोमांसाच्या किंवा बदकाच्या चरबीत भाजण्याची पद्धत आहे. यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे पीठ, अंडी आणि दूध यांचा फुगवून भाजलेला पदार्थ, हेही पारंपरिक रीतीने ड्रिपिंगमध्ये होते. ताटावर ओततात ती ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. शाकाहारी ताट मागितले तरी हे तीनही स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

‘पाय’ (pie) हा पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ; त्याचे कवच पोर्क लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालून केलेले असू शकते, मग आत नुसते चीज आणि कांदा का असेना. भाज्यांचे सूप चिकन स्टॉकमध्ये, म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात, केलेले असू शकते. वाफवलेल्या गोड पुडिंगांत अनेकदा ‘सूएट’ असते, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी; ख्रिसमसच्या मिन्स पायमध्ये मांस नसते, पण सूएट असू शकते. पार्मेझान चीजमध्ये वासराचे रेनेट नेहमीच असते. वुस्टर सॉसमध्ये अँकोव्ही हे मासे असतात, आणि तो सॉस चीज-टोस्टवरही घालतात.

जे अंडेही खात नाहीत त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. इथल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडे चालते, म्हणून मेनूत ‘व्हीगन’ची, म्हणजे अंडी-दुधासकट कोणताही प्राणिज पदार्थ नसल्याची, खूण शोधावी, किंवा ॲलर्जनच्या कागदावर अंड्याचा रकाना पाहावा. अंडे त्या चौदांत असल्यामुळे त्याबद्दल कागद खरे सांगतो. व्हीगन खूण असलेला पदार्थसुद्धा सामाईक कढईत तळलेला असू शकतो, तेवढे मात्र विचारावेच. सालीसकट भाजलेला ‘जॅकेट पोटॅटो’, त्यावर टोमॅटोतले बीन्स, शिवाय सॅलड, हे बहुतेक पबांत मिळते आणि त्यात लपलेले फार काही नसते. मटाराचा घोटा, म्हणजे ‘मशी पीज’, हाही साधा वाटाण्याचा पदार्थ आहे.

दोन वर्षांनी आई पुन्हा आली तेव्हा डेल्समधल्या एका छोट्या पबमध्ये मी चिठ्ठी पुढे केली. ती वाचून बारवरची बाई आत गेली आणि स्वयंपाकी स्वतःच बाहेर आला. हातात तेलाचा पिवळा डबा होता. त्यावरचे सूर्यफुलाचे चित्र त्याने आईला दाखवले, आणि माशांसाठी दुसरी कढई आहे हे हाताने खुणा करून समजावले. आईने मान डोलावली आणि चिप्स खाल्ल्या. तो परत आत जाईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत होती.

६. फसवी नावे

मेनूवरची काही नावे वाचून अर्थ काढू नये. स्कॉच एग हे नुसते अंडे नाही, अंड्याभोवती डुकराच्या मांसाचा थर असतो. टोड इन द होल म्हणजे यॉर्कशायर पुडिंगच्या पिठात भाजलेले सॉसेज. ब्लॅक पुडिंग रक्तापासून करतात. कॉटेज पायमध्ये गोमांसाचा खिमा असतो आणि शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचा. प्लाउमन्स लंच म्हणजे पाव, चीज, लोणचे आणि सफरचंद, पण त्यात हॅम, म्हणजे डुकराचे मांस, घालण्याची पद्धतही आहे, म्हणून विचारावे. ‘पुडिंग’ या शब्दाचा अर्थ नुसते गोड असाही होतो. मेनूच्या शेवटी ‘पुडिंग्ज’ असा मथळा असेल तर ती गोडाची यादी समजावी.

७. समुद्रकाठी मासे मागवताना

मासे खाणाऱ्या मराठी माणसाला इथे आनंद आहे, पण अपेक्षा थोडी बदलावी लागते. मसाला नसतो, मीठ, व्हिनेगर आणि लिंबू एवढ्यावर मासा उभा असतो, त्यामुळे ताजेपणा लपत नाही. यॉर्कशायरमध्ये हॅडक मागवावा, दक्षिणेत कॉड जास्त चालतो. दोन्ही पांढरे, काट्यांविना आणि सौम्य असतात. ‘बिअर बॅटर’ लिहिले असेल तर पिठात बिअर असते. मॅकरेल म्हणजे बांगड्याच्याच कुळातला मासा. भाजलेला मागवला तर घरची आठवण येते. प्लेस आणि डोव्हर सोल हे आपल्या लेप्यासारखे चपटे मासे काट्यासकट येतात. स्केट हा पाकटाच्या जातीचा आहे. व्हाइटबेट हे मांदेलीएवढे मासे अख्खे तळलेले येतात आणि डोक्यासकट खातात.

प्रत्येक किनाऱ्याची आपली एक गोष्ट असते, तीच तिथे मागावी. नॉरफकच्या क्रोमरचे खेकडे, नॉर्थम्बरलंडच्या क्रास्टरचे धुरावलेले हेरिंग, ज्याला किपर म्हणतात, आणि केंटमधल्या व्हिट्स्टेबलची कालवे. कोकणात कालवे शिजवून खातात, इथे ती कच्चीच, लिंबू पिळून गिळतात. मूळची ब्रिटिश कालवे सप्टेंबर ते एप्रिल या काळातच काढतात. उन्हाळ्यात मिळतात ती पॅसिफिक जातीची, जी वर्षभर असतात. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांनी कच्ची कालवे टाळावीत. शिंपल्यांपैकी मसल्स, म्हणजे आपले शिनाणे, वाइन आणि क्रीममध्ये शिजवून येतात. वाइन नको असेल तर आधी सांगावे. जे कवच शिजूनही उघडलेले नसेल ते बाजूला ठेवावे.

खोके घेऊन बाहेर खायचे असेल तर सीगल पक्ष्यांना हलके समजू नये. ते मागून येतात आणि हातातला तुकडा उचलून नेतात, मुले घाबरतात आणि चोच लागून बोटाला जखमही होते. भिंतीला पाठ लावून बसावे, खोक्याचे झाकण अर्धे लावलेले ठेवावे, आणि त्यांना एकही फोड टाकू नये, कारण एकीमागे वीस पक्षी येतात.

जागेच्या दारावर हिरव्या-काळ्या रंगाचा, शून्य ते पाच आकड्यांचा स्वच्छतेचा स्टिकर असतो. वेल्समध्ये तो लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये नाही. स्टिकर दिसला नाही तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या वेबसाइटवर त्या जागेचे नाव टाकून पाहावे.

८. पेये

पबमध्ये मद्य घेतलेच पाहिजे असे मुळीच नाही. मद्याचा परवाना असलेल्या जागेने ग्राहकाने मागितल्यास पिण्याचे नळाचे पाणी फुकट देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ‘टॅप वॉटर’ असा शब्द वापरावा. नुसते ‘वॉटर’ म्हटले तर विकतची बाटली येऊ शकते. सोडा आणि लाइम कॉर्डियल (लिंबाचा गोड अर्क) हे स्वस्त आणि बरे पेय आहे. ‘सायडर’ म्हणजे इथे सफरचंदाचा रस नव्हे, ते मद्य आहे, ‘शँडी’त बिअर असते, जिंजर बिअर मात्र बहुधा बिनमद्याची असते, तरी बाटली पाहावी. मुलांसाठी मागवताना ही नावे विशेष लक्षात ठेवावीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला जेवणाबरोबर, मोठ्या माणसाने विकत घेऊन दिलेली बिअर, वाइन किंवा सायडर चालते, असा कायदा आहे. त्याव्यतिरिक्त अठराखालच्यासाठी मद्य विकत घेणारा मोठा माणूसच गुन्हेगार ठरतो.

बिअर घेणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही. हाताने पंप ओढून देतात ती ‘कास्क एल’, म्हणजे पिंपातली बिअर, तळघराच्या थंडाव्याची असते, बर्फासारखी नाही. घोटभर चव मागितली तर आनंदाने देतात. कडक शाकाहारी असाल तर हे लक्षात ठेवावे की ही बिअर नितळ करण्यासाठी परंपरेने ‘आयझिंग्लास’ वापरतात, जे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. बिअर-वाइन नितळण्यासाठी वापरलेल्या या पदार्थाला ॲलर्जीच्या नियमांतून सूट आहे, त्यामुळे माशाच्या रकान्यात तो दिसणार नाही. इथेही नाव घेऊनच विचारावे.

मित्रांबरोबर गेलात तर ‘राउंड’ची पद्धत आहे, म्हणजे एकेकाने पाळीपाळीने सर्वांची पेये आणायची. तुमचे पेय फक्त सोडा असला तरी तुमची पाळी आली की उठावे.

९. बिल, टिप आणि तक्रार

मेनूवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, वर कर लागत नाही. बारवर पेय घेताना टिप देत नाहीत. टेबलावर वाढले असेल आणि सेवा आवडली असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पण आधी बिल वाचावे, कारण समुद्रकाठच्या रेस्टॉरंटांत साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असू शकतो आणि मशीन पुढे करताना पुन्हा टिप विचारतात. ‘डिस्क्रिशनरी’, म्हणजे ऐच्छिक, असे लिहिले असेल तर तो चार्ज काढायला सांगता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार टिप आणि सर्व्हिस चार्जची सगळी रक्कम मालकाने कर्मचाऱ्यांनाच द्यायची असते, त्यामुळे वाढणाऱ्या मुलीला ती मिळते की नाही ही शंका आता बाळगायला नको.

पदार्थात काही चूक असेल, किंवा नको सांगितलेली गोष्ट ताटात आली असेल, तर दोन घासांतच सांगावे. वाढणारे एकदा येऊन ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारतात, तीच सांगण्याची वेळ असते. सवयीने ‘हो हो, छान’ म्हणून नंतर बिलाच्या वेळी तक्रार केली तर त्यांना काही करता येत नाही. शांतपणे, आवाज न चढवता सांगितले की ते ताट परत नेतात आणि दुसरे आणतात. दुसरे ताटही नको असेल तर त्या पदार्थाचे पैसे बिलातून वजा करून मागावेत. उरलेले अन्न बांधून हवे असेल तर ‘बॉक्स’ मागावा, बहुतेक ठिकाणी देतात. निघताना रिकामे ग्लास बारवर नेऊन ठेवण्याची गावच्या पबांत पद्धत आहे. ते ठेवताना आतल्या स्वयंपाक्यालाही आभार कळवा असे सांगितले, तर ते आत ओरडून सांगतात.